उतरता भाव

पहाटे साडेचारला मासळीबाजारात
डॉक्युमेंट रिकामं असतं.
एक बॉडी, तिच्यात टेबल, टेबलाला मथळा,
मथळ्याखाली काहीच नाही.
बाहेर गालिसियाचा समुद्र धक्क्याला धडका देतोय,
आत मी, उशिआ, थर्मासातल्या कॉफीवर,
स्क्रिप्टला बजावते आहे : थांब जरा,
झाड पुरतं उभं राहू दे, मग फांद्या माग.
घाई केलीस तर ब्राउझर हातावर नल टेकवेल,
सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या दुकानदारासारखा.

मग होड्या लागतात.
प्रत्येक क्रेटसाठी एक नवी ओळ :
आधी एलिमेंट घडवायचा,
त्यात वजन, जात, होडीचं नाव भरायचं.
आता तो आहे, पण कुठेच नाही.
टेबलाला जोडेपर्यंत कुणाला दिसत नाही.
नव्याने लागलेली इरिया म्हणाली,
माझ्या प्रबंधासारखंच की.

आमच्याकडे लिलाव चढत नाही, उतरतो.
चाळीस युरोपासून खाली खाली,
ज्याचा धीर आधी सुटेल त्याची मासळी.
एकतीस वर्षं हे आकडे एलादिओने तोंडाने उतरवले,
स्टुलावर उभं राहून, एका दमात.
मग मी आले, सेटइंटरव्हल घेऊन.
दर दोनशे मिलिसेकंदांना वीस सेंट कमी,
घड्याळासारखा न्याय.
आठवड्याभरात हेक मातीमोल गेला.

एलादिओ मागे उभा होता, हात रेनकोटाच्या खिशात.
म्हणाला, आकडे उतरतायत, पोरी,
पण श्वास घेत नाहीत.

दाखवा, म्हटलं.
संध्याकाळी धुतलेल्या ओल्या फरशीवर
नसलेल्या मासळीचा त्याने लिलाव केला.
मी स्टॉपवॉच धरलं.
चाळीस ते तीस : धक्क्यावरून सोडलेला दगड.
पंचविसाला चाल मंदावली.
एकविसाला तो थांबलाच.
का?
तिथे ओब्दुलिया चष्मा काढते.
ओब्दुलियाबाई जाऊन सहा वर्षं झाली.
हो, तो म्हणाला,
पण बाकीचे अजून तिथेच घाबरतात.

इंटरव्हल काढून टाकला.
आता प्रत्येक पायरीवर नव्याने विचारायचं,
पुढच्या आकड्याआधी किती थांबू?
कोडमध्ये एक स्थिरांक आहे, नाव ओब्दुलिया,
किंमत चौदाशे.
इरियाने विचारलं, हे काय?
म्हटलं, हात लावू नकोस.

आणि क्लिक.
खाली कुणीतरी बटण दाबतं,
पण क्लिक बटणापाशी राहत नाही :
बटणातून कप्प्यात, कप्प्यातून ओळीत,
ओळीतून टेबलात, बुडबुड्यासारखा वर वर.
म्हणून दर क्रेटला वेगळा कान लावत नाही मी.
टेबलावर एकच लिसनर.
ओळी येतात, विकल्या जातात, काढल्या जातात,
कान तोच.
एलादिओलाही अख्ख्या हॉलला एकच कान होता,
डावा. उजवा इंजिनरूममध्ये गेला.

काल शेवटची ओळ उरली होती :
एक ऑक्टोपस, एक भुजा तुटकी.
एकवीस. थांबला. कुणीच नाही.
पंधरा. नऊ.
मागे एलादिओचे ओठ पडद्याबरोबर हलत होते.
सहाला बुडबुडा वर आला.
जुना रिमोट, यादीतून केव्हाच उडवलेला.
ग्राहकाच्या रकान्यात स्क्रिप्टने लिहिलं :
अनडिफाइंड.

मी कन्सोल उघडला,
क्वेरीसिलेक्टरने तो कप्पा धरला,
आणि त्याच्या मजकुरात हाताने टाइप केलं :
एलादिओ.
पान रिफ्रेश झालं की हे पुसलं जाणार,
तेवढं त्याला सांगायला वळले,
तर तो सहा युरो टेबलावर ठेवून
क्रेट खांद्यावर घेऊन
केव्हाच दाराबाहेर पडला होता.